निर्वासितांच्या कैवारी : एलिनॉर रॅथबोन

तिन्हीसांजेला दाराशी आलेल्या माणसाला विन्मुख पाठवू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. घरात असेल ती भाकरी त्याच्यापुढे ठेवावी, ओसरीवर रात्रीपुरती जागा द्यावी, एवढे कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु घराचे दार उघडणे घरच्या माणसांच्या हाती असते. देशाचे दार तसे नसते. ते कायद्याने बंद होते आणि कायद्यानेच उघडते. त्याच्या किल्ल्या कचेऱ्यांत, शिक्क्यांत आणि छापील अर्जांत असतात. जीव मुठीत धरून आलेली माणसे अशा एका दाराशी उभी असताना, आतल्या एका बाईने ते दार उघडावे म्हणून साठी ओलांडल्यावर अखेरच्या श्वासापर्यंत झगडा केला. त्या बाई म्हणजे इंग्लंडमधील एलिनॉर रॅथबोन. आपल्या मंडळातील भगिनींना त्यांचे चरित्र माहीत असावे असे वाटल्यावरून ही अल्प ओळख करून देत आहे.

एलिनॉर यांचा जन्म १२ मे १८७२ रोजी लंडन येथे झाला; परंतु त्यांचे घराणे लिव्हरपूलचे. जहाजांचा आणि व्यापाराचा मोठा पसारा असलेले हे घराणे दानधर्मासाठी आणि सार्वजनिक कामासाठी प्रसिद्ध होते. लिव्हरपूल बंदराची भरभराट ज्या काळी गुलामांच्या व्यापारावर चालली होती, त्या काळी त्यांच्या पूर्वजांनी त्याच शहरात राहून त्या व्यापाराला विरोध केला होता. वडील विल्यम रॅथबोन हे पार्लमेंटचे सभासद. पहिल्या पत्नीच्या आजारपणात एका परिचारिकेने केलेली शुश्रूषा पाहून, गरिबांच्या घरीही अशी परिचारिका का जाऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि १८५९ मध्ये त्यांनी लिव्हरपूलमध्ये घरोघर जाणाऱ्या परिचारिकांची योजना सुरू केली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे त्यांना साहाय्य होते. अशा घरात वाढलेल्या मुलीला लोकसेवेचे बाळकडू घरातच मिळाले, यात नवल नाही.

१८९३ साली एलिनॉर ऑक्सफर्डच्या समरव्हिल महाविद्यालयात गेल्या. तत्त्वज्ञान हा त्यांचा आवडीचा विषय. १८९६ मध्ये अभ्यासक्रम पुरा झाला. पण पदवी मिळाली नाही, कारण त्या काळी ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांना शिकू देई, परीक्षेला बसू देई, मात्र पदवी देत नसे. ती रीत १९२० मध्ये बदलली. नियम माणसाला कसा अडवतो, याचा हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता.

लिव्हरपूलला परतल्यावर त्या गरिबांना मदत करणाऱ्या संस्थेत काम करू लागल्या. गोदीत रोजंदारी करणाऱ्या मजुरांच्या घरी जाऊन त्या चौकशी करीत. आज काम आहे तर उद्या नाही, अशा त्या संसारांत दानाचे चार शिलिंग चार दिवस पुरत आणि पाचव्या दिवशी पुन्हा तीच उपासमार येई. पुढे पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बायकांना सरकारी भत्ता मिळू लागला. तो पोहोचविण्याचे लिव्हरपूलमधील काम एलिनॉरबाईंकडे आले. ठरावीक दिवशी, ठरावीक रक्कम, कोणापुढे हात न पसरता आईच्या हाती पडू लागली की मुलांच्या अंगावर मांस कसे चढते, हे त्यांनी शेकडो घरांत पाहिले. दया माणसाला एक दिवस तारते, हक्क त्याला उभा करतो, ही त्यांची खूणगाठ तेव्हा पक्की झाली. त्यांचे पुढील सारे आयुष्य या एका विचारावर उभे आहे.

१९०९ मध्ये त्या लिव्हरपूल नगरपालिकेवर निवडून आल्या. त्या सभागृहातील त्या पहिल्याच स्त्री सभासद. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्या अग्रभागी होत्या. १९१८ साली तीस वर्षांवरील स्त्रियांना अटींसह मत मिळाले. १९१९ मध्ये मिलिसेंट फॉसेट यांच्या मागून राष्ट्रीय स्त्री-संघटनेचे अध्यक्षपद एलिनॉरबाईंकडे आले, आणि १९२८ मध्ये स्त्री-पुरुषांना सारखाच मताधिकार मिळेपर्यंत त्यांनी चळवळ थांबू दिली नाही. १९२९ साली विद्यापीठांच्या पदवीधरांच्या मतदारसंघातून त्या पार्लमेंटात गेल्या, त्या कोणत्याही पक्षाचे तिकीट न घेता. पक्ष नाही म्हणजे मंत्रिपद मिळण्याची आशा नाही. पण पक्षाचा धाकही नाही.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या देशाशी संबंधित आहे. मिस मेयो यांचे हिंदुस्थानची निंदा करणारे पुस्तक १९२७ मध्ये निघाले. ते वाचून आपल्याकडील बालविवाहाविषयी एलिनॉरबाईंच्या मनाने घेतले. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांच्या पुढाकाराने हिंदी स्त्रियांच्या प्रश्नांवर परिषद भरली. बोलणाऱ्या बहुतेक सगळ्या इंग्रज! त्या सभेत धन्वंती रामराव उठल्या आणि हिंदुस्थान कधी न पाहिलेल्या बायकांनी हिंदी स्त्रियांचा उद्धार करायला निघावे, याला त्यांनी सभेसमोर हरकत घेतली. याच धन्वंतीबाईंनी पुढे १९४९ मध्ये मुंबईत कुटुंबनियोजनाची अखिल भारतीय संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. टीका झोंबणारी होती. एलिनॉरबाई १९३२ मध्ये स्वतः हिंदुस्थानात आल्या, येथील स्त्री-कार्यकर्त्यांना भेटल्या, आणि पुढे पार्लमेंटात हिंदी स्त्रियांना अधिक संख्येने मत मिळावे म्हणून झगडल्या. तेथेही मतभेद राहिलाच. पत्नी म्हणून नवऱ्याच्या पात्रतेवर का होईना, पण आधी मत पदरात पाडून घ्या, असा एलिनॉरबाईंचा व्यवहारी सल्ला. तर सर्व प्रौढांना, स्त्री-पुरुष भेद न करता मत हवे, अशी अखिल भारतीय महिला परिषदेची मागणी. आपल्या राज्यघटनेने महिला परिषदेचे म्हणणे खरे करून दाखविले. मोठ्या माणसाच्या चरित्रातील अशी उणी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दुसऱ्याचे दुःख दुसऱ्याच्याच तोंडून ऐकावे लागते, हा धडा त्यात आहे. एलिनॉरबाईंचे पुढील निर्वासितांचे काम उभे राहिले ते निर्वासितांनी स्वतः लिहिलेल्या पत्रांवर.

१९३३ च्या जानेवारीत हिटलर जर्मनीचा सत्ताधीश झाला. त्याच एप्रिलमध्ये एलिनॉरबाईंनी कॉमन्स सभेत उभे राहून या राजवटीच्या धोक्याविषयी सभागृहाला सावध केले. तेव्हा फार थोड्यांनी ते मनावर घेतले. ज्यू लोकांच्या नोकऱ्या गेल्या, दुकाने गेली, नागरिकत्व गेले. नाझींना विरोध करणारे जर्मनही छळछावण्यांत जाऊ लागले. माणसे देश सोडू लागली. पण जायचे कोठे?

इंग्लंडचा कायदा त्या वेळी कसा होता, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. परकीयांना अटकाव करणारा कायदा तेथे १९०५ मध्ये झाला. तथापि धर्मामुळे किंवा राजकीय मतांमुळे छळ सोसून आलेल्यांसाठी त्यात एक सवलत होती. १९१४ आणि १९१९ च्या कायद्यांनी ती सवलत उरली नाही. म्हणजे आश्रय मागणे हा कोणाचाच हक्क राहिला नाही; गृहमंत्र्यांची मर्जी हाच कायदा झाला. त्यातून १९३३ मध्ये ज्यू संस्थांनी माणुसकीच्या भरात, येणाऱ्या आपल्या बांधवांचा खर्च आम्ही सोसू, अशी हमी सरकारला दिली होती. पुढे लोंढे वाढले तरी सरकारने तीच हमी पुढे केली. आधी हमीदार दाखवा, मग व्हिसा मागा! ज्याचे इंग्लंडमध्ये कोणी ओळखीचे नाही, त्याने काय करावे? सुशिक्षित घरांतील सुमारे २०,००० स्त्रिया घरकामाच्या परवान्यावर इंग्लंडला आल्या. ज्यांच्या घरी मोलकरणी होत्या त्यांनी परक्या स्वयंपाकघरांत भांडी घासली आणि त्यामुळे जीव वाचला, अशी ही हकीकत आहे.

१९३७ च्या वसंतात एलिनॉरबाई स्पेनला जाऊन आल्या. तेथे यादवी युद्ध चालू होते. बॉम्बवर्षावात सापडलेल्या बास्क प्रांतातील सुमारे ४,००० मुलांना घेऊन एक जहाज त्या मे महिन्यात साउदॅम्प्टनला लागले. मुलांना येऊ देण्यास सरकार कसेबसे तयार झाले, पण त्यांच्यावर सरकारी तिजोरीतून खर्च होणार नाही, या अटीवर. मग गावोगावच्या लोकांनी आणि संस्थांनी ती मुले सांभाळली. त्या कामात एलिनॉरबाई पुढे होत्या. वर्गणी गोळा करावी, कपडे जमवावेत, मुलांच्या राहण्याची सोय लावावी, हे सारे त्यांनी केले. परंतु तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही.

१९३८ च्या सप्टेंबरअखेर म्युनिकचा करार झाला. त्यात ब्रिटनच्या पंतप्रधानांची सही होती, आणि त्या सहीने चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रांत हिटलरला मिळाला. तेथील ज्यू आणि नाझीविरोधी लोक प्रागकडे पळाले. ज्या सहीने ही माणसे बेघर झाली, ती सही आपल्या देशाची आहे. तेव्हा यांना वाचविणे हे दान नसून देणे आहे, असा एलिनॉरबाईंचा मुद्दा होता. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी सर्व पक्षांच्या सभासदांना घेऊन पार्लमेंटात निर्वासितांसाठी एक समिती स्थापन केली आणि तिच्या चिटणीसपदाचे काम स्वतःकडे घेतले. १९३९ च्या जानेवारीत त्या प्रागला गेल्या. ब्रिटनने निर्वासितांच्या सोयीसाठी ४० लक्ष पौंड मंजूर केले होते. पैसा होता, जाऊ इच्छिणारी माणसे होती. अडले होते ते व्हिसाच्या कागदावर. यादी लंडनला जायची, तपासली जायची, परत यायची. १५ मार्च १९३९ रोजी हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले. ज्यांचे कागद आले होते त्यांतले पुष्कळ वाचले. ज्यांचे आले नव्हते ते मागे राहिले. कचेरीतील विलंबाने माणसे मरतात, हे एलिनॉरबाई या प्रसंगानंतर कधी विसरल्या नाहीत.

त्यांच्या कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. पार्लमेंटात प्रश्न विचारला की मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर छापले जाते. हे साधे हत्यार त्यांनी सतत चालविले. अमक्या प्रकारच्या माणसांना व्हिसा का नाही? अर्ज किती दिवस पडून आहेत? कोणत्या नियमाने नाकारले? अंगावर काळा पोशाख, हातात कागदांनी फुगलेली पिशवी आणि चेहऱ्यावर आर्जव, अशा त्या सभागृहाच्या वाटांवर मंत्र्यांना गाठीत. त्या दुरून दिसल्या की उपमंत्री वाट बदलतात, अशी थट्टा तेथे चाले. लोक त्यांना निर्वासितांच्या खासदार म्हणू लागले. एकेका पत्रातील एकेका माणसासाठी त्या खटपट करीतच. पण तसल्या दहा पत्रांतून त्या नियमातील दोष हुडकून काढीत आणि नियमच बदला म्हणून आग्रह धरीत.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांच्यापुढे सर्वांत कठीण प्रसंग आला. जर्मनीतून आलेले ते सारे शत्रुराष्ट्राचे परकीय, असे कायद्याने ठरले. हिटलरच्या छळातून निसटून आलेला ज्यू आणि हिटलरचा हस्तक, दोघांना कायद्याच्या कागदावर एकच नाव! प्रथम न्यायमंडळांपुढे चौकशी होऊन ६०,००० हून अधिक लोक निरुपद्रवी ठरविण्यात आले. पण १९४० च्या मे-जूनमध्ये फ्रान्स पडला, इंग्लंडात घबराट झाली, आणि मंत्रिमंडळाने सरसकट धरपकड आरंभिली. सुमारे २७,००० माणसे स्थानबद्ध झाली. त्यांत जवळजवळ ४,००० स्त्रिया होत्या. नवरा एका छावणीत, बायको आयल ऑफ मॅन बेटावर दुसऱ्या छावणीत, आणि एकमेकांचा ठावठिकाणा नाही. काहींना जहाजांत घालून कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाला पाठविले. २ जुलै १९४० रोजी अशा कैद्यांना नेणारे अरंडोरा स्टार हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले आणि आठशेंहून अधिक लोक मृत्यू पावले.

तो काळ कसा होता हे ध्यानात घ्या. शत्रू खाडीच्या पलीकडे आलेला, उद्या चढाई होईल अशी धास्ती, आणि एक बाई उठून शत्रुराष्ट्राच्या माणसांची बाजू मांडते! एलिनॉरबाई जर्मनीशी तडजोड करा म्हणणाऱ्यांपैकी नव्हत्या. युद्ध जिंकलेच पाहिजे आणि चर्चिल हेच ते जिंकून देतील, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणूनच, ज्या न्यायासाठी आपण लढतो तो आपल्या घरी मोडता कामा नये, हे त्यांना बोलता आले. १० जुलै १९४० रोजी कॉमन्स सभेत या विषयावर तासन्तास चर्चा झाली, तीत त्यांनी आणि इतर काही सभासदांनी सरकारला जाब विचारला. गृहमंत्री होते सर जॉन अँडरसन, पूर्वीचे बंगालचे गव्हर्नर. त्याच महिन्यात एलिनॉरबाई आपल्याच लिव्हरपूलजवळच्या हायटन छावणीत गेल्या. अर्धवट बांधलेल्या घरांच्या त्या वसाहतीला तारेचे कुंपण घालून तेथे माणसे कोंडली होती. तुम्हांला आम्ही विसरलेलो नाही, एवढा दिलासा त्यांनी तेथील लोकांना दिला आणि परत येऊन पुन्हा प्रश्नांचा भडिमार सुरू केला. जुलैअखेर सरकारने सुटकेचे पहिले नियम जाहीर केले. युद्धाला उपयोगी पडणाऱ्यांना सोडू, असा त्यांचा रोख. उपयोग असो वा नसो, निरपराध्याला कोंडायचे कोणत्या न्यायाने, असा एलिनॉरबाईंचा प्रतिप्रश्न. हळूहळू नियम सैल होत गेले आणि १९४१ मध्ये बहुतेक निर्वासित बाहेर आले. भर युद्धात लोकप्रतिनिधींनी सरकारला आपली चूक सुधारायला लावली, असे हे विरळ उदाहरण आहे.

यानंतरची कथा मात्र यशाची नाही. १७ डिसेंबर १९४२ रोजी, युरोपातील ज्यू लोकांचा नाझी पद्धतशीर संहार करीत आहेत, असे दोस्त राष्ट्रांनी जाहीर केले. कॉमन्स सभा स्तब्ध उभी राहिली. एलिनॉरबाईंना वाटले, आता तरी दार उघडेल. १९४३ मध्ये त्यांनी व्हिक्टर गोलान्झ आदी मंडळींसह बचावासाठी राष्ट्रीय समिती स्थापन केली. व्हिसाचे नियम सैल करा. स्पेन, स्वीडन, स्वित्झर्लंड यांसारख्या तटस्थ देशांना, तुमच्याकडे आलेल्यांचा भार आम्हीही उचलू, असे वचन द्या. म्हणजे ते आपल्या सरहद्दी उघड्या ठेवतील, असा त्यांचा कार्यक्रम होता. एप्रिलमध्ये बर्म्युडा बेटावर इंग्लंड-अमेरिकेची परिषद झाली. तिच्यातून जवळजवळ काहीच निष्पन्न झाले नाही. जहाजे नाहीत, युद्ध जिंकणे हाच बचाव, ही उत्तरे ठरलेली. त्यांच्या साऱ्या धडपडीतून जे वाचले ते मेलेल्यांच्या मानाने मूठभर. आपण पुरेसे केले नाही, ही खंत त्यांना शेवटपर्यंत जाळीत राहिली.

याच सुमारास, १९४३ पासून, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची, मुख्यतः बायकामुलांची, छावणी वसली होती. जागा आणि परवानगी मिळाली की माणसे जगतात, याचा तो पुरावा आपल्या दाराशीच होता.

१९४५ च्या जूनमध्ये एलिनॉरबाईंच्या आयुष्यातील जुने स्वप्न साकार झाले. दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलासाठी कुटुंबाला साप्ताहिक भत्ता देण्याचा कायदा मंजूर झाला. मसुद्यात ती रक्कम बापाच्या हाती द्यायची होती. तसे असेल तर ज्या विधेयकासाठी मी पंचवीस वर्षे झिजले त्याविरुद्धच मी मत देईन, असे त्यांनी बजावले, आणि अखेर रक्कम आईच्या नावे झाली. युद्ध संपल्यावर उपाशी युरोपला, त्यात जर्मन मुलांनाही, अन्न मिळावे म्हणून त्या पुन्हा कामाला लागल्या. ज्या राजवटीशी झगडल्या तिच्या देशातील मुलांसाठीही त्यांचे मन कोरडे झाले नव्हते. २ जानेवारी १९४६ रोजी लंडनमध्ये त्यांचे अकस्मात निधन झाले. पहिला कुटुंब-भत्ता त्या ऑगस्टमध्ये वाटला गेला; तो पाहायला त्या नव्हत्या.

त्यांच्या पश्चात १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्यात छळापासून आश्रय मागण्याचा हक्क मान्य झाला. तो मसुदा घडविणाऱ्यांत मुंबईच्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या हंसाबेन मेहता होत्या. १९५१ मध्ये जिनिव्हा येथे निर्वासितांविषयीचा करार झाला. जेथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे निर्वासिताला परत लोटू नये, आणि केवळ तो अमक्या देशाचा नागरिक आहे एवढ्यावरून त्याच्याविरुद्ध खास कारवाई करू नये, असे त्यात आले. सुरक्षेसाठी तात्पुरते उपाय करण्याची मुभा राज्यांनी राखून ठेवली हे खरे. तरी हायटनच्या कुंपणात कोंडलेल्यांची तक्रार त्या कलमांत कायद्याचे रूप घेऊन आली, असे वाटल्यावाचून राहत नाही. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. पण फाळणीनंतर कल्याणच्या छावण्यांत उतरलेले आणि तेथेच उल्हासनगर वसविणारे सिंधी बांधव ज्यांनी पाहिले किंवा वाडवडिलांकडून ऐकले आहेत, त्यांना निर्वासित या शब्दाचा अर्थ नव्याने सांगायला नको.

भगिनींनो, आपण मंडळात कपडे गोळा करतो, पुरात-दुष्काळात मदत पाठवतो, एखादीच्या अडचणीला धावून जातो. हे काम मोलाचे आहे, आणि ते चालूच राहिले पाहिजे. पण एकच अडचण घेऊन दहा जणी आल्या, तर त्या अडचणीच्या मुळाशी कोणता नियम आहे, तो कोणी केला आणि तो बदलायचा असेल तर अर्ज कोठे करायचा, हेही आपण विचारले पाहिजे. एलिनॉरबाईंच्या हाती पक्ष नव्हता, सत्ता नव्हती. फक्त पत्रांनी भरलेली पिशवी आणि प्रश्न विचारण्याचा हक्क होता. तेवढ्याच शिदोरीवर त्यांनी अनेकांचे प्राण वाचविले. आपणा सर्वांच्या घरी एवढी शिदोरी खासच आहे.